कुणाला सांगतेयस?

दिवाळी अंकाच्या संपादकांचा पहिला फोन आषाढात येतो. "ताई, यंदा दिल्लीवर काहीतरी ललित द्या. दोन-अडीच हजार शब्द. विषय तुमच्यावर सोडला." दिवाळी तेव्हा लांब असते, आपण हो म्हणून टाकतो. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायची सवय लावली. या फोनचं मूळ तिथपर्यंत जातं. गौरी-गणपती उरकले की दुसरा फोन येतो. त्यात "काय म्हणतोय लेख?" एवढंच असतं. गेल्या साली लेख काहीच म्हणत नव्हता.

सांगण्यासारखं नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी दिल्लीत आले. आधी करोलबागेतल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिलो. मग यमुना ओलांडून मयूर विहारात आलो. सरकारी आणि बिनसरकारी कागदांची भाषांतरं करत इतकी वर्षं काढली. पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनात उतरलेले पाहुणे, आग्र्याला जाण्याआधी त्यांना करवून आणलेलं दिल्लीदर्शन, गणपतीत तेवढ्यापुरते एकमेकांना भेटणारे आम्ही सगळे. दर्यागंजचा रविवारचा पुस्तकबाजार, जो २०१९ मध्ये फूटपाथवरून उठला आणि आसफ अली रोडवरच्या महिला हाटात गेला. दसरा-दिवाळीच्या सुमाराची ती डोळे चुरचुरवणारी हवा. साहित्य भरपूर होतं. आणि लिहायला बसलं की पडद्यावर उमटायचं काय, तर 'दिल्ली हे अनेकदा वसलेलं आणि अनेकदा उजाडलेलं शहर आहे.' हे वाक्य दिल्लीवरच्या प्रत्येक लेखात असतं. पुसायचं. मग 'दिल्लीच्या थंडीला स्वतःचा एक वास असतो.' असतो खरा. पण पुढे? तेही पुसायचं. असं करत भाद्रपद संपला.

या अवस्थेवर उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. फिरायला जा, पहाटे उठ, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव, चांगली वही आण. मी चांगली वही आणली. तिच्यात किराण्याच्या याद्या सुंदर अक्षरात उतरल्या. त्यातल्या त्यात दमदार उपाय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांचा. लिहायचं अडलेल्या प्राध्यापकांवर त्यांनी प्रयोग केले आणि १९८३ मध्ये ते प्रसिद्ध केले. काहींना सांगितलं, मनात येईल तेव्हाच लिहा. काहींना रोज लिहायची सक्ती केली, आणि सक्ती अशी की ठरलेलं लिहून झालं नाही तर ज्या संस्थेचा तुम्हाला मनापासून तिटकारा आहे तिला तुमच्या नावाने देणगी जाणार. सक्तीवाल्यांनी पानं तर जास्त लिहिलीच, पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. लहर आल्यावर लिहू म्हणणाऱ्यांना लहरही कमीच आली. मला हे पटतं. दिवाळी अंकाचे संपादक शंभर वर्षांपासून हाच प्रयोग देणगीशिवाय करत आले आहेत. तरी या उपायाने पानं कशी भरतात ते कळतं, पानं कोरी का राहतात ते कळत नाही.

ते जे थोडंफार मला कळलं ते एका भुताकडून.

कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे. तिथून कॅनॉट प्लेसच्या दिशेने निघालं की उजव्या हाताच्या गल्ल्यांत, हेली रोडच्या पोटात, अग्रसेन की बावली लपलेली आहे. चहूबाजूंनी उंच इमारती आणि मधे जमिनीत उतरत गेलेल्या शंभरावर दगडी पायऱ्या. राजा अग्रसेनाचं नाव परंपरेने लागलेलं. आज दिसणारं बांधकाम मात्र सुलतानी काळाच्या धाटणीचं. 'पीके' सिनेमात दिसल्यापासून तिथे कॉलेजातल्या मुलामुलींची रीघ असते. पायऱ्यांवर बसून फोटो काढायचे, कबुतरं उडवायची, जायचं. तळाशी आता पाणी नसतं. सदनातलं एक काम आटोपून मी सप्टेंबरातल्या एका दमट दुपारी तिथे जाऊन बसले होते. बसल्या बसल्या मुक्तिबोधांचा ब्रह्मराक्षस आठवला.

गजानन माधव मुक्तिबोधांवर आम्हा दिल्लीतल्या मराठी माणसांचा एक गुपचूप हक्क असतो. १३ नोव्हेंबर १९१७ ला ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला जन्मलेला हा माणूस घरात मराठी बोलला आणि कविता हिंदीत लिहीत राहिला. धाकटा भाऊ शरच्चंद्र मराठीतला कवी आणि कादंबरीकार. अज्ञेयांनी १९४३ मध्ये काढलेल्या 'तार सप्तक'मधल्या सात कवींत मुक्तिबोध होते, प्रभाकर माचवे होते. म्हणजे हिंदी नव्या कवितेच्या त्या पहिल्या पंगतीत दोन पानं मराठी घरांतली. पुढे नागपुरात दहा वर्षं, मग राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात नोकरी. १९६४ मध्ये अंगावरून वारं गेलं, भोपाळच्या रुग्णालयातून मित्रांनी खटपट करून दिल्लीच्या एम्समध्ये आणलं. तिथे बराच काळ बेशुद्धीत काढून ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर आला. तो त्यांनी हातात धरला नाही.

त्यांची 'ब्रह्मराक्षस' नावाची कविता आहे. शहराबाहेरच्या पडक्या भागात एक ओस बावली, आणि तिच्या खोल पाण्यात हा महापंडिताचा आत्मा बसलेला. अंगावर कसला तरी मळ आहे अशी त्याची खात्री, म्हणून तो अंग घासतोय, घासतोच आहे. मळ जात नाही. तोंडाने मंत्र, शिव्या, गणितं, जगातल्या सगळ्या तत्त्वज्ञांवरची भाष्यं. आतल्या जिन्याने तो चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. परिपूर्णतेचा हिशेब मांडता मांडता तो आत आणि बाहेर अशा दोन पाट्यांमध्ये भरडला जातो. समीक्षक या कवितेत मध्यमवर्गी बुद्धिवंताची शोकांतिका पाहतात. योग्यच आहे. पण पडद्यावरचं पहिलं वाक्य दिवसभर पुसणाऱ्या बाईला त्यात आणखी काही दिसलं तर तिला दोष देऊ नये. अंग घासण्याचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

कवितेपेक्षा मला त्यांची त्याच नावाजवळची गोष्ट जास्त उलगडली: 'ब्रह्मराक्षस का शिष्य'. एक अडाणी मुलगा विद्या शोधत काशीला येतो. एका ओसाड वाड्याच्या वरच्या मजल्यावर त्याला गुरू भेटतो. बारा वर्षं शिक्षण चालतं. शेवटच्या दिवशी जेवायला बसल्यावर तूप आणायला शिष्य उठतो, तर गुरू त्याला थांबवतो आणि जागचा न हलता हात लांब करतो. हात लांबत लांबत स्वयंपाकघरात जातो आणि तूप घेऊन येतो. शिष्याची बोबडी वळते. मग गुरू सांगतो: मी ब्रह्मराक्षस आहे. जिवंतपणी सगळं जाणलं, पण ते घेणारा कोणी मिळाला नाही, म्हणून इथे अडकून पडलो. तू आलास, तुला देऊन झालं, मी सुटलो. आता तू जोवर हे दुसऱ्याला देत नाहीस तोवर तुझी सुटका नाही.

या गोष्टीत पंडिताला शिक्षा झाली ती ज्ञान कमी पडल्याची नव्हे. चुकल्याचीही नव्हे. समोर माणूस नव्हता, एवढंच त्याच्या नशिबी आलं. मी बावलीच्या पायरीवर बसून हे घोळवत राहिले. लिहायचं अडतं तेव्हा आपण स्वतःला रिकामं समजतो, आणि भरायच्या मागे लागतो: आणखी वाचन, आणखी टिपणं, आणखी एक चक्कर संग्रहालयात. ब्रह्मराक्षसाला भरायची गरज नव्हती.

मुक्तिबोधांना हे माहीत असणारच. 'एक साहित्यिक की डायरी' वाचताना लक्षात येतं की ती नावालाच डायरी. तिच्यातला 'तीसरा क्षण' हा लेख म्हणजे कलानिर्मितीवरचं हिंदीतलं एक फार खोल टिपण आहे. पहिला क्षण जगण्यातल्या उत्कट अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांपुढे एक कल्पनाचित्र होऊन उभा राहतो. तिसऱ्या क्षणी ते चित्र शब्दांत उतरू लागतं आणि उतरता उतरता बदलत जातं. एवढं शास्त्र मांडताना हा माणूस व्याख्यान देत नाही. केशव नावाच्या मित्राशी गप्पा मारतो. केशव शंका काढतो, मधेच चिडवतो, आणि विचार पुढे सरकतो. नेमिचंद्र जैनांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो 'पाया पत्र तुम्हारा' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातले मुक्तिबोध कुठे अडत नाहीत. अडतात ते लांब कवितांत. 'अँधेरे में' त्यांनी कित्येक वर्षं लिहिली, पुन्हा पुन्हा लिहिली. 'एक लम्बी कविता का अन्त' असं त्यांच्या एका टिपणाचं शीर्षकच आहे. मित्राला लिहिताना सुटा होणारा हात कवितेपुढे पुन्हा घासू लागायचा.

आता यमुनेच्या बाजूने जुन्या दिल्लीत जाऊ. बल्लीमारानच्या गल्ली कासिम जानमध्ये मिर्झा गालिबचं घर आहे, आज त्यात छोटंसं संग्रहालय. या कवीला रात्री शेर सुचत. चरित्रकार हालीने १८९७ च्या 'यादगार-ए-गालिब'मध्ये लिहून ठेवलंय की एक शेर जमला की गालिब कमरेच्या पट्ट्याला गाठ मारत. सकाळी एकेक गाठ सोडत शेर आठवत आणि कागदावर उतरवत. गाठी मोजून सकाळी वसुली! लिहिणाऱ्या कुणालाही हेवा वाटावा.

मग १८५७ झालं. गालिब शहरातच होते. पतियाळाच्या महाराजांनी गालिबच्या गल्लीतल्या हकिमांच्या घरांवर पहारे बसवले होते म्हणून ती गल्ली वाचली. वेडसर भाऊ याच काळात गेला. बादशहा जफर, ज्याच्या शेरांवर गालिब उस्ताद म्हणून हात फिरवत, तो रंगूनला हद्दपार झाला. इमामबख्श सहबाई मारले गेले, फजले हक खैराबादी अंदमानला गेले, शेफ्ता तुरुंगात. ज्यांच्यासमोर गझल म्हणायची, ज्यांनी एखाद्या शब्दावर मान हलवायची, ती मुशायऱ्याची मंडळी संपली. शहर मोकळं करून पाडापाडी सुरू झाली. त्यानंतरच्या बारा वर्षांत गालिबनी गझला फार थोड्या लिहिल्या. याला वय, आजारपण, थांबलेलं पेन्शन अशी कारणं देतात, तीही खरी. पण त्याच बारा वर्षांत या आजारी म्हाताऱ्याने लिहिलेली उर्दू पत्रं पाहिली की वयाचं कारण लंगडं पडतं.

पत्रं म्हणजे किती! बुलंदशहरकडच्या सिकंदराबादेत राहणारा शिष्य मुन्शी हरगोपाल तुफ्ता, पानिपतात जाऊन राहिलेला मीर मेहदी मजरूह, आग्र्याचे छापखानेवाले मुन्शी शिवनारायण. पाऊस किती पडला, छत कुठे गळतंय, कुठला बाजार पाडला, कोण परत आलं, तुझ्या गझलेतला तिसरा शेर का लंगडा आहे, माझ्या पत्राला उत्तर का नाही. मायन्यात लांबलचक विशेषणं नाहीत. 'मियाँ' म्हणून सरळ बोलायला सुरुवात. आपण पत्रव्यवहाराचं संभाषण करून टाकलं, असं त्यांनीच एका पत्रात म्हटलंय. गंमत अशी की शिष्यांनी ही पत्रं छापू म्हटलं तेव्हा गालिब आधी नको म्हणाले. 'दस्तंबू' हा १८५७ वरचा त्यांचा फारसी ग्रंथ १८५८ मध्ये आग्र्याला छापला गेला, अरबी शब्द टाळून, कमालीच्या कारागिरीने, इंग्रज साहेबांच्या नजरेसाठी. आज तो अभ्यासकांपुरता उरलाय. पत्रांचे संग्रह आले १८६८ आणि १८६९ मध्ये, एक मरणाच्या आधी थोडा, एक नंतर थोडा, आणि उर्दू गद्य त्या पत्रांपासून बदललं असं मानतात. साहेबांसाठी लिहिलेलं निर्जीव, तुफ्तासाठी लिहिलेलं जिवंत. माझा कौल तर असाच आहे.

मराठीपुरतं बोलायचं तर दिल्लीत मराठी लेखनाची जुनी वाट शोधत गेलं की हीच चाल सापडते. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील म्हणून हिंगण्यांचं घराणं इथे होतं. महादेव भट हिंगणे आणि त्यांच्यामागे त्यांचे मुलगे. त्यांनी पाठवलेली मोडी पत्रं हिंगणे दप्तर म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. बादशहाकडे आज कोण गेलं, वजिराचा चेहरा कसा होता, कोणत्या सरदाराचे पैसे थकले, आमचाच खर्च कसा भागत नाही. या लोकांना सुचण्या-न सुचण्याची चैन परवडणारी नव्हती. पुण्यात एक ठरावीक माणूस पत्राची वाट पाहतोय हे त्यांना माहीत होतं. त्यांना साहित्यिक कोणी म्हणत नाही. पण चेहऱ्याचं वर्णन करायचं तर ते दोन ओळींत करून पुढे जातात, आणि मी दिल्लीच्या थंडीच्या वासापाशी दुपार घालवते.

आणि अलीपूर रोडवरचं २६ नंबर. मंत्रिपद सोडल्यावर बाबासाहेब आंबेडकर तिथे राहायला आले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं काम इथे चाललं. मधुमेह, संधिवात, अधू झालेली दृष्टी. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनीच सांगितलंय की या पाच वर्षांत प्रकृती इतकी खालावत गेली की डॉक्टर त्यांच्याकडे विझत्या ज्योतीसारखे पाहत. ती पुन्हा पेटवली ती पत्नी सविताबाईंनी आणि डॉ. मालवणकरांनी. त्यांना लेखनअडथळा होता असं म्हणणं हास्यास्पद ठरेल. कितीतरी हस्तलिखितं एकाच वेळी चालू, त्यातली पुष्कळ अपुरीच राहिली. मला वेगळीच गोष्ट दिसते. सरकारी नोकरी सांभाळून नानकचंद रत्तू संध्याकाळी टंकलेखनाला यायचे. लिहिलेलं पान घ्यायला रोज एक माणूस दारात उभा. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही रत्तू होते, प्रस्तावनेची पानं बाबासाहेबांनी उशाशी ठेवायला लावली. ६ डिसेंबरच्या सकाळी ते राहिले नव्हते. ग्रंथ १९५७ मध्ये आला. त्या जागेवर आता राष्ट्रीय स्मारक आहे, लोक जातात, फोटो काढतात. टंकलेखकाचा विचार फार थोडे करत असतील.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. ताराबाई भवाळकर अध्यक्ष. दिल्लीत याआधीचं संमेलन १९५४ चं, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचं, म्हणजे सत्तर वर्षांचं अंतर. तीन दिवस कुठेही वळलं तरी मराठी कानावर यायचं. त्या तीन रात्री मी घरी येऊन भराभरा लिहिलं, आणि सोमवारी मेट्रोत बसल्यावर ते आटलं. माझ्या डब्यात मराठी समजणारी मी एकटी. दिल्लीत राहून मराठीत लिहिणाऱ्याला शब्द आठवत नाहीत असं पुण्यातल्या मित्रमंडळींना वाटतं. शब्द आठवतात. पण दिवसभर भाजीवाल्याशी, गार्डशी, शेजारणीशी हिंदीत बोलून झाल्यावर रात्री जे मराठी वाक्य डोक्यात तयार होतं ते कुणाला उद्देशून नसतं. 'रसिक वाचक' नावाच्या, मी कधी न पाहिलेल्या इसमाला ते उद्देशून असतं. तो इसम फार चोखंदळ. दिल्लीवरचे सगळे लेख त्याने आधीच वाचलेले. त्याच्यापुढे कुणाची बोलायची हिंमत होईल?

गोष्ट सुटली ती मिरजेच्या मावशीमुळे. तिचं वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांनी कमी दिसतं, कान शाबूत. फोनवर तिला मी लेखाची सुरुवात वाचून दाखवली. शहर वसलं, उजाडलं वगैरे. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "छान आहे. पण हे तू कुणाला सांगतेयस? मला तर नाही सांगत आहेस."

"मग तुला काय सांगू?"

"ते टीव्हीवर दाखवतात ना, तुमच्याकडे धूर येतो. तेव्हा तुम्ही कपडे वाळत कुठे घालता?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगू लागले. दिवाळीच्या मागेपुढे गॅलरीत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी हाताला खरखरीत लागते, म्हणून आतल्या खोलीत घडीचा स्टँड उघडायचा आणि पंखा लावायचा, थंडी असली तरी. खिडक्या बंद, त्यामुळे कपड्यांना कुबट वास. मग ते इस्त्रीला. आमच्या ब्लॉकच्या जिन्याखाली प्रेसवाला आहे, उन्नावकडचा, कोळशाच्या इस्त्रीवर काम करणारा. हवा बिघडली की सरकार बांधकामं थांबवतं, ट्रक अडवतं, शाळा बंद करतं, आणि सोसायटीच्या मिटिंगमध्ये कुणीतरी हमखास प्रेसवाल्याच्या कोळशाचा विषय काढतं. गेल्या हिवाळ्यात तो मला म्हणाला होता, "आंटीजी, सत्रह मंज़िल की गाड़ियाँ एक तरफ़, मेरी दो किलो की इस्त्री एक तरफ़." बांधकाम बंद झालं की त्याचा मजुरी करणारा भाऊ त्याच्याच खोलीत येऊन बसतो, कमाई नसते, गावी जायला पैसे नसतात. एका चादरीपासून निघून मी त्या भावापर्यंत आले तेव्हा मावशी म्हणाली, "आता थांब. हे लिहून पाठव. मोठ्या अक्षरात. शेजारचा मुलगा वाचून दाखवेल." आणि फोन ठेवता ठेवता, "तिकडे तुळस जगते का गं?"

त्या रात्री मी 'ती. मावशीस, शि. सा. नमस्कार' असं वर लिहून बसले. संपादक, रसिक, शब्दमर्यादा, सगळे खोलीबाहेर. व्यासांनी गणपतीला अट घातली होती की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही; मावशीचीही अट तीच, शेजारच्या मुलाला वाचता आलं पाहिजे आणि तिला कळलं पाहिजे. 'बरसाती' म्हणजे काय हे तिच्यासाठी सांगावं लागलं, आणि ते सांगताना करोलबागेतला पहिला उन्हाळा, गच्चीवर पाणी मारून टाकलेल्या बाजा, रात्री दोनला येणारी वीज, हे सगळं विनासायास आलं. दिल्ली वसण्या-उजाडण्याबद्दल तिला काही विचारायचं नव्हतं, म्हणून ते गेलं.

हा हमखास उपाय आहे असा दावा नाही. मुक्तिबोधांना नेमिचंद्र होते, केशव होता, तरी 'अँधेरे में' सहजी संपली नाही, आणि ती सहजी संपली असती तर आज ती जी आहे ती झाली असती का, याचीही शंका आहे. काही लेखन अडलेलंच असावं लागतं. पण दर अडलेला लेख 'अँधेरे में' नसतो. माझा तर नक्कीच नव्हता. त्याला कुणीतरी ऐकायला हवं होतं, आणि ऐकणाऱ्या माणसाने मधेच प्रश्न विचारायला हवा होता.

लेख छापून आला. संपादकांनी वरचा मायना काढून टाकला, मी हरकत घेतली नाही. मावशीने अंक वाचून घेतला आणि तुळशीचं राहिलं म्हणून फोनवर ऐकवलं. दिल्लीच्या जानेवारीत तुळस करपते, जुनी ओढणी पांघरून काहीजणी ती वाचवतात, हे मी तिला तोंडी सांगितलं.

आता आषाढ जवळ आला आहे, फोन येतील. दिवाळी अंकांच्या सगळ्या संपादकांना एक विनंती. लेखकाला विषय देऊ नका, आणि 'विषय तुमच्यावर सोडला' असं तर मुळीच म्हणू नका. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचा असेल असा एक प्रश्न विचारा, कपडे वाळत घालण्याइतका साधा असला तरी चालेल. शब्दमर्यादा नंतर सांगा.